उतारावर धरंल अशी गाडी

मुबारकबी भाभीला मी तोंडावर घाबरट म्हनलोय. एकदा न्हाई, धा वेळा, आन तेबी चार मानसांत. हे आधीच सांगून टाकतो, म्हंजे मागनं कुनी म्हनायला नको की मच्छिंद्रनं सोयीचं तेवढं सांगितलं.

मिरजगावात रोडला लागून माझं वेल्डिंगचं दुकान हाय. दारं, खिडक्या, गोठ्याचं शेड, ट्रॉल्या, समदं करतो. तीस वर्सं झाली. ऊसाच्या ट्रॉल्या म्हनाल तर ह्या भागात कितीतरी माझ्याच हातच्या. डोकं जरा गरम हाय माझं, मान्य. पन माझ्या कामात कुनी खोट काढलेली मला खपत न्हाई. आमची मालकीन म्हनती, "वेल्डिंगच्या ठिनग्या परवडल्या, पन तुमचं तोंड नको." म्हनू दे. तिला सवय हाय.

दुकानाच्या मागं अल्लाबक्षभाईचं घर. जुना कापूस पिंजून गाद्या, उशा, रजया भरायचा त्येंचा पिढीजात धंदा. अल्लाबक्षभाई साठीच्या पुढचा, गरीब गाय. बोलायला सांगितलं तर हसतो, हसायला सांगितलं तर दाढी कुरवाळतो. घरचं आन धंद्याचं दोन्ही सुकानू त्येंच्या बायकोच्या, मुबारकबी भाभीच्या हातात. भाभी मूळची जामखेडकडची. तिचा बापबी पिंजारीच, बैलगाडीतनं गावोगाव फिरायचा. आई लवकर गेली, घरी सांभाळायला कुनी न्हाई, म्हनून बापानं पोरगी गाडीतच वाढवली. शाळा तिला ठाऊक न्हाई, पन जामखेडपासून पाथर्डीपर्यंत कुठल्या गावाच्या विहिरीला गोड पानी हाय ते विचारा.

ह्या धंद्याची एक रीत हाय. ज्याचा कापूस त्यालाच परत गेला पायजे. आजीच्या गादीतला कापूस नातीच्या लग्नाच्या गादीत जातो, त्यात दुसऱ्या घरचा चिमूटभर मिसळलेला चालत न्हाई. म्हनून बाया खाट टाकून शेजारी बसत्यात आन डोळ्यांत तेल घालून बघत्यात. तिसगावाकडं रंगुबाई नावाची म्हातारी हाय. मालक वारल्यावर त्येंची गादी तिनं दोन वर्सं कुनाला हात लावू दिली न्हाई. भाभी गेली तवा म्हातारी म्हनली, "तुझ्या हातानं पिंज, मशीनवर नको." भाभीनं सबंध दिवस घालवून हातानं मोकळा केला तो कापूस. अशी मानसं वाट बघत्यात म्हनून तर ही दोघं दिवाळीनंतर निघायची ती पाऊसकाळाच्या तोंडाला परत यायची.

आधी भाड्याच्या टेम्पोत मशीन टाकून जायची. नऊ वर्सांमागं अल्लाबक्षभाईनं जुनी जीप घेतली आन मला म्हनाला, "मच्छूभाऊ, जीपच्या मागं जोडता येईल असं चाकावरचं घर करून द्या." मी बारा फुटी गाडा केला. पत्र्याची खोली, पुढच्या अंगाला दोघांना झोपायला बाक, मधी शिलाईचं मशीन, मागं पिंजायचं मशीन. मागचं दार वर उचललं की सावली पडायची. खिडकीला जाळीबी लावली. लोक बघायला यायचे. मी कॉलर ताठ करून उभा.

समद्यांनी वाहवा केली, भाभी तेवढी गाड्याभवती दोन फेऱ्या मारून खाली वाकून बघत हुती. म्हनली, "मच्छूभाऊ, ह्याचा ब्रेक कुठंय?"

मी पोट धरून हसलो. "भाभी, ट्रॉलीला कुठं ब्रेक असतो व्हय? ब्रेक ओढनाऱ्या गाडीला असतो. मागच्यानं नुसतं मागं यायचं."

ते बोलनं तिथंच ऱ्हायलं.

आठ वर्सं गाडा फिरला. कर्जत, श्रीगोंदा, मंग नगरवरनं करंजी घाट उतरून तिसगाव, पाथर्डी. तक्रार न्हाई. आन मागल्या माघात घाटात खेळ झाला. तिसऱ्या वळनाला गाड्यानं मागनं जीपला रेटा दिला. अल्लाबक्षभाई ब्रेक दाबतोय, जीप थांबायला बघतीय, आन मागनं गाडा ढकलतोय. दरीकडं जायच्या आधी त्या मानसानं जीप डोंगराच्या बाजूला गटारीत घातली, म्हनून दोघं वाचली. भाभीचं डोकं काचेवर आपटलं. तीन टाके पडले. शिलाईचं मशीन मोडलं.

तवापासून भाभीनं नेमच केला. घाटमाथ्यावर गाडी आली की खाली उतरायची आन सगळा घाट पायी चालत यायची. अल्लाबक्षभाई पहिल्या गियरमधी मुंगीच्या पावलानं पुढं, ही मागं. गाडी उभी केल्यावर चाकाखाली लावायचा बाभळीचा ठोकळा असतो ना, तोबी बगलेत मारून चालायची. गुडघे धरलेले, वर हे ओझं. मला कळलं तवा मी काय गप बसनारा हाय का? "घाट आला की भाभीचा जीव मुठीत! मालकाला बसवती मरायला आन आपन चालती पायी!" असं दुकानात बसून म्हनायचो आन मानसं हसायची. भाभी घमेलं घेऊन समोरनं जायची, ऐकायची, जायची. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

औंदा पावसाळ्यात जीपनं प्रान सोडला. इंजनच गेलं. आन पुन्याहून फैयाजचा फोन आला. फैयाज म्हंजे त्येंचा एकुलता एक, तिकडं कंपनीत हाय, बायको हाय, इन्शा नावाची गोड पोरगी हाय. पोरगा वाईट न्हाई, आईवर जीव हाय त्याचा. फोन स्पीकरवर हुता, मीबी तिथंच.

"अब्बा, बास झालं आता. गाडा इका आन दोघं इकडं या. अम्मी ह्या वयात तीन किलोमीटर घाट चालती, लोक मला काय म्हनतील?"

अल्लाबक्षभाई दाढी कुरवाळत बसला. भाभी म्हनली, "बेटा, तिथं येऊन मी काय करू? गॅलरीत बसून रस्ता बघू?"

बराच वेळ वादावादी झाली. शेवटी फैयाज म्हनाला, "बरं. दुसरी गाडी घ्या. दिवाळीनंतर घाट उतरा. मी एकच इचारनार, अम्मी गाडीत बसून उतरली का पायी. बसली तर मी परत तोंड उघडनार न्हाई. पायी उतरली तर दुसऱ्या दिवशी मी येतो आन दोघांना घेऊन जातो."

भाभी म्हनली, "कबूल."

फोन बंद झाला. अल्लाबक्षभाईचं तोंड बघवंना. फिरती बंद झाली असती तर तो मानूस पुन्यात सहा महिन्यांत वाळून गेला असता. मला लई वाईट वाटलं. म्हनलं, "काळजी करू नका. अशी पिकअप शोधतो की हत्ती बांधला तरी ओढंल."

नगरला सुनील नावाचा एजंट हाय, जुन्या गाड्या दाखवतो. दसऱ्याच्या आधी त्यानं पहिली पिकअप आनली. राहुरीकडची, कांदे वाहिलेली. मागं स्प्रिंगच्या पाट्यांवर जादा पाटे चढवलेले, पुढं गोंडे, आरशांना झालरी, आन हॉर्न असा की म्हशीनं वळून बघावं. अल्लाबक्षभाईनं हॉर्न दोनदा वाजवला आन प्रेमातच पडला. मलाबी आवडली. आमच्याकडं पिकअप बघायची रीत एकच, किती गोन्या बसत्यात. मी पाट्याला लाथ मारून म्हनलं, "भाभी, ऐंशी गोन्या हसत नेईल ही."

भाभी म्हनली, "मला गोन्या न्ह्यायच्या न्हाईत. मला घाट उतरायचाय. गाडा जोडा मागं, आन चला उतारावर."

सुनील हसला. "भाभी, गाडी घ्यायला आलाय का बैल?"

"बैलच समज," भाभी म्हनली. "माझा बाप घोडेगावच्या बाजारात बैल घ्यायचा तवा चढावर कधी बघायचा न्हाई. भरल्या गाडीला जुपायचा आन उताराला न्ह्यायचा. ओढनारे बैल पैशाला पासरी मिळत्यात. मागनं वजन आलं की मान ताठ करून धरनारा एखादाच असतो."

निमगावच्या रस्त्याला सीना धरनाकडं उतरताना बऱ्यापैकी उतार हाय. तिथं गेलो. गाड्यात मशीन आन कापसाच्या चार गोन्या, म्हंजे फिरतीत असतं तेवढं वजन. चढाला पिकअपनं गाडा असा नेला की मी टाळी वाजवली. उतरताना अर्ध्यावर सुनीलनं ब्रेक मारला आन गाड्यानं मागनं दिला दनका. पिकअपचं ढुंगान एका बाजूला फिरलं, गाड्याचं तोंड रस्त्याकडंच्या पान्याच्या चारीकडं. दोन हात पुढं गेली असती तर चारीतच. सुनील खाली उतरला तवा त्याचं तोंड चुन्यागत पांढरं झालतं.

"ब्रेक ढिलं हायेत हिचं," मी म्हनलं. "दुसरी बघू."

दुसरी आली श्रीगोंद्याकडनं. कोंबड्यावाल्याची, नवी, मोठ्या इंजनची. तोच उतार, तोच ब्रेक, तोच दनका. जरा कमी, पन तोच. मी म्हनलं, "टायर गुळगुळीत हायेत."

तिसरी माहीजळगावच्या हनुमंतची. हनुमंत दूध गोळा करायचा, आता गुडघ्याच्या दुखन्यानं धंदा बंद करत हुता. पांढरी, साधी, कुठं गोंडा न्हाई का झालर न्हाई, हॉर्न म्हंजे शेळी खोकल्यागत. अल्लाबक्षभाईनं एकदा वाजवून सोडून दिला. ही उतारावर सरळ धरली, तिरपी झाली न्हाई. पन गाड्याचा रेटा बसला तो बसलाच, पाच-सहा फूट घसरत गेली आन मंग थांबली.

"हिच्यात दम न्हाई," मी म्हनलं.

भाभी रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसली हुती. शांतपनी म्हनली, "मच्छूभाऊ, गाड्या तीन बदलल्या. गाडा तोच हाय."

आता खरं सांगतो, माझ्या डोक्यात तिडीक गेली. रस्त्यावर हुतो, सुनील हुता, हनुमंत हुता. मी ओरडलो, "नऊ वर्सं ह्या गाड्यात झोपलात तवा खोट दिसली न्हाई का? मी किती ट्रॉल्या रस्त्यावर सोडल्या, एकानं म्हनलं न्हाई! माझ्या कामावर भरवसा न्हाई तर दुसरा वेल्डर बघा!" माझ्या फटफटीला किक मारली आन आलो निघून. अल्लाबक्षभाई मागनं हाका मारत हुता.

दोन दिवस मी त्येंच्या घराकडं बघितलं न्हाई. घरी जेवताना पुटपुटत हुतो, ब्रेक खराब, टायर खराब, डायव्हर खराब. मालकीन भाकरी वाढता वाढता म्हनली, "नाचता येईना, अंगन वाकडं. तीन अंगनं बदलून झाली की."

मी खाली मान घालून भाकरी मोडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. गाडा दुकानाम्होरंच सोडलेला, चाकाखाली तो बाभळीचा ठोकळा. आजूबाजूला कुनी न्हाई बघून मी खाली शिरलो, पाठीवर पडून वर बघितलं. आक्सल माझाच, जुन्या ऊसाच्या ट्रॉलीचा. चाकं. बेरिंग. बास. धरून ठेवील असं काय न्हाईच. बाहेर आलो, ठोकळा काढला आन दोन्ही हातांनी गाड्याला रेटा दिला. सरकला. माझ्यासारख्या पंचावन्न वर्सांच्या मानसानं ढकलला आन एवढा मोठा गाडा सरकला की!

मंग दगडावर बसलो. आमचा मुलूख सपाट. ट्रॅक्टर जड, चाल हळू, ट्रॉली मागनं निवांत येती. ब्रेक कुनी मागितला न्हाई आन मी कुनाला दिला न्हाई. सगळे वेल्डर असंच करत आले, मीबी केलं. पन हा गाडा ऊस न्ह्यायला न्हवता. ह्यात दोन मानसं घाट उतरनार हुती, आन ते मला ठाऊक हुतं. एक बाई वाकून इचारत हुती, ह्याचा ब्रेक कुठंय, आन मी पोट धरून हसलो हुतो. म्हंजे मागल्या माघातला तो रेटा जीपचा न्हवता, माझ्या वेल्डिंगचा हुता. भाभीच्या कपाळावरच्या तीन टाक्यांचा धनी मी. काखेत कळसा आन गावाला वळसा घालून मी राहुरी-श्रीगोंदा करत बसलेलो. लई लाज वाटली. एवढी लाज मला कधी वाटली न्हवती.

तसाच गेलो मागं. भाभी अंगनात बसून रजईला टाके घालत हुती.

"भाभी, चुकलो मी."

तिनं वर बघितलं न्हाई. दोरा दातानं तोडला. "चहा घेता का?"

"घेतो," म्हनलं. चहा आला, तो निम्मा झाल्यावर माझी जीभ सुटली. "तुमच्या वडलांच्या बैलगाडीला उतारावर काय असायचं?"

भाभीनं सुई रजईत टोचून ठेवली आन हातानं दाखवलं. "दोन्ही चाकांच्या मागनं एक आडवं लाकूड. दोरीनं बांधलेलं. उतार आला की दोरी आवळायची, लाकूड चाकांना घासायचं, चाकं आवरायची. बैलांच्या मानंवर समदं वजन येऊ द्यायचं न्हाई."

"आन दोरी कोन आवळायचं?"

"मी. मागं बसून. सात वर्सांची असल. बाप म्हनायचा, बैलांचं मी बघतो, गाडीचं तू बघ."

मी उठलो तो थेट भंगारवाल्याकडं. मोडीत आलेल्या पिकअपचा मागचा आक्सल घेतला, ब्रेकच्या ड्रमसकट. नवे लायनर घातले. आता प्रश्न एवढाच की दोरी कोन आवळनार. गाड्यात तर चालू असताना कुनी बसत न्हाई. पाच दिवस डोकं खाजवलं, दोनदा केलेलं तोडलं. शेवटी गाडा पिकअपला जोडनाऱ्या दांड्याचे दोन तुकडे केले, एकात एक सरकनारे. गाडा मागनं रेटायला लागला की दांडा आत सरकतो, त्याच्या संगं तार ओढली जाती, आन तार गाड्याचीच चाकं आवळती. म्हंजे गाडा जेवढा ढकलंल तेवढाच स्वताला आवरंल. उभ्या गाडीला आवळून ठेवायला वेगळा हातब्रेकबी दिला.

ह्या सगळ्याचा मी एक रुपया घेतला न्हाई. अल्लाबक्षभाई आडून बसला तवा मी पुन्हा ओरडलो, मंग गप झाला.

पिकअप कुठली घ्यायची ते भाभीनं आधीच ठरवलं हुतं. हनुमंतची. मी म्हनलं, इंजन बारकं हाय तिचं. भाभी म्हनली, "दूधवाल्याची गाडी हाय ती. दारोदार थांबत आली, दिवसातनं शंभर वेळा. ब्रेकला जपल्याबिगर तो धंदा व्हतच न्हाई. आन उतारावर तिरपी झाली न्हाई ती, तुमी बघितलं न्हाई, तुमी घसरलेली तेवढी बघितली."

खरं हुतं. परत त्याच उताराला नेली. हनुमंतनं ब्रेक दाबला, दांडा कटकन आत सरकला, गाड्याची चाकं आवळली आन दोन्ही जागच्या जागी उभी. मी तिघांकडं बघितलं. अल्लाबक्षभाई एवढंच म्हनाला, "हॉर्न तेवढा बदलून द्या." दिला बदलून. म्हशीवाला.

दिवाळी झाली. भाऊबीज झाल्यावर चौथ्या दिवशी निघायचं ठरलं. मी म्हनलं, मी घाटापर्यंत येनार, माझं काम मला बघायचंय. पिकअपमधी पुढं तिघं बसलो. भाभी मधी. सगळ्या रस्त्यानं अल्लाबक्षभाईनं गरज नसताना हॉर्न वाजवला.

करंजी घाटाच्या माथ्यावर गाडी थांबली. मी खाली उतरून दांडा, तार, नटबोल्ट बघितले. वळून बघतो तर भाभीबी उतरलेली. पदर खोचलेला, बगलेत बाभळीचा ठोकळा.

पायी उतरली म्हंजे सगळं संपलं. फैयाजला ती खोटं सांगनार न्हाई हे मला पक्कं ठाऊक. अल्लाबक्षभाई आत स्टिअरिंग धरून समोर बघत हुता.

"भाभी, आता कशाला?" मी म्हनलं. "एवढं केलं तरी भ्याव वाटतंय का?"

भाभी माझ्याकडं बघून म्हनली, "मच्छूभाऊ, तुमाला खरंच वाटतंय मी मरायला भिते म्हनून उतरते?"

तिनं ठोकळा बगलेतनं काढून हातात घेतला.

"गाडा सुटला तर चाकाखाली ठोकळा कोन घालनार? आत बसून घालता येतो का? त्येंना गाडी सोडता येत न्हाई, त्येंनी पुढचं बघायचं. मागचं मीच बघायला पायजे की. म्हनून चालते."

रस्त्यानं गाड्या जात हुत्या. मला काय ऐकू येत न्हवतं. इतके महिने मी ह्या बाईला चार मानसांत घाबरट म्हनत हुतो, आन ती गुडघे दाबत, ठोकळा घेऊन, सुटल्या गाड्याच्या चाकाम्होरं जायच्या तयारीनं तीन किलोमीटर चालत हुती. माझ्याच गाड्याच्या मागं. डोळ्यात पानी आलं ते मी लपवलं न्हाई.

"द्या इकडं," मी म्हनलं. "हा गाडा माझ्या हातचा. मागं मी चालतो. तुमी बसा."

"तुमी?"

"मीच. सुटला तर मी घालतो ठोकळा. बसा आत, भाभी."

तिनं खोचलेला पदर सोडला. मंग ठोकळा माझ्या हातात दिला आन पिकअपमधी जाऊन बसली. दार लावल्याचा आवाज आला.

अल्लाबक्षभाईनं पहिला गियर टाकला. मी मागं. ठोकळा दिसतो त्याच्यापेक्षा जड हाय. पहिल्या वळनाला दांडा कटकटला, चाकं आवळली, सुटली, परत आवळली. माझी नजर डाव्या चाकावरनं हलत न्हवती. दुसऱ्या वळनापातूर माझी पोटरी भरून आली. मागनं येनारे ट्रकवाले बघून हसत हुते, हसू दे. मागल्या माघात जिथं गटारीत गाडी गेली तिथं, तिसऱ्या वळनाला, उतार सगळ्यात जास्त. नेमकं तिथंच अल्लाबक्षभाईनं गाडी थांबवली.

गाडा थांबला. रेटा न्हाई, दनका न्हाई. मी ठोकळा टाकायला वाकलो, पन चाक तसूभर पुढं आलं न्हाई. मी तसाच वाकून बघत ऱ्हायलो.

खिडकीतनं भाभीचं डोकं बाहेर आलं. "मच्छूभाऊ, मीच थांबवायला सांगितली. धरतीय गाडी. या, बसा आता."

"ऱ्हाऊ द्या, येतो चालत."

"बसा म्हनते ना! आन ठोकळा टाकून देऊ नका, घेऊन या."

बाकीचा घाट तिघं बसून उतरलो. खाली करंजीच्या अलीकडं लिंबाखाली गाडी लावली, गाड्याचा हातब्रेक ओढला. अल्लाबक्षभाईनं फैयाजला फोन लावला. त्यानं खरंच एकच इचारलं, "अम्मी बसली का?" अल्लाबक्षभाई नुसता "हां बेटा, हां" म्हनत दाढी कुरवाळत ऱ्हायला. पलीकडनं इन्शा वरडत हुती, दादी, हॉर्न वाजव, हॉर्न वाजव.

गाड्यात गॅस हाय, मीच फिट करून दिलाय. पन भाभीनं तीन दगड मांडले, चूल केली. काटक्या गोळा केल्या. मी कुऱ्हाड मागितली न्हाई, तिनं दिली. ठोकळ्याकडं बोट केलं.

मी त्याचे चार तुकडे केले. बाभूळ वाळलेली हुती, लगेच पेटली. त्याच्यावर चहा झाला, आन पहिला कप भाभीनं मला दिला.